डावा हात खिशात

सोलापुरात कुणाच्या गिटारचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, बसला की तो फिरून फिरून शेवटी माझ्याकडेच येतो. मैंदर्गीच्या ऑर्केस्ट्राचा येतो, चर्चमध्ये वाजवणाऱ्या पोरांचा येतो, दहावीच्या मार्कांवर आईबापांनी गिटार घेऊन दिलेल्या जुळे सोलापुरातल्या मुलांचाही येतो. ही फुशारकी वाटेल. फुशारकी आहेच, पण ती खरी असल्यामुळे मी लपवत नाही.

दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस आधी माझ्या मागे बघतो. "मेकॅनिक कुठायत?"

"बोला की. मीच."

थोड्या वेळानं त्याची नजर माझ्या डाव्या हाताकडे जाते. उजव्या हातानं मी चालू ॲम्पच्या पोटात मीटरची पिन धरलेली असते आणि डावा हात कुर्त्याच्या खिशात असतो. "मॅडमची स्टाइल लई भारी हाय," असं एकजण बाहेर जाऊन दोस्ताला सांगताना मी ऐकलंय. ती स्टाइल नाही. त्या खिशाआधी माझ्याकडे फक्त डिप्लोमा होता, आणि डिप्लोम्यानं माझं काय केलं होतं ते पुढे सांगतेच.

खिसा दिला तो चाचांनी. दुकानावर त्यांचं नाव नव्हतं, कारण पाटीच नव्हती. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. विजापूर वेशीजवळच्या एका गल्लीत त्यांची खोली होती. बाहेरून बघणाऱ्याला ते भंगाराचं दुकान वाटायचं. आत गेल्यावरही तसंच वाटायचं, फक्त आतल्या प्रत्येक भंगाराची चाचांना जन्मापासूनची माहिती असायची.

त्यांच्याकडे पेटी दुरुस्तीला द्यायची म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागे. ॲम्पला ते पेटीच म्हणायचे. परीक्षा अशी की पेटी कसा आवाज करते, ते गिऱ्हाइकानं तोंडानं काढून दाखवायचं. "खराब झालीय", "नीट वाजत नाही" असलं काही चालायचं नाही. मी तिथे शिकत असताना एकदा एका बँकेचे मॅनेजर मुलाचा ॲम्प घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"बोलती कशी? काडून दावा," चाचा म्हणाले.

साहेबांनी गल्लीत कुणी ओळखीचं नाही ना ते बघितलं आणि हळूच म्हणाले, "फुर्र."

"जोरात की."

"फुर्रर्र."

"मधी थांबती का?"

"थांबते. फुर्रर्र... फुर्रर्र... फट्."

"आता शेवटी फट् हाय, हे आदी सांगायला नगो?" चाचा खरंच नाराज झाले. "स्पीकरचा कागद फाटलाय. आन् मागची वायर हालतीय. परवा या."

स्क्रू एकही सोडवला नव्हता. मी नंतर उघडून बघितलं, कागद फाटलेला होता आणि वायर हलत होती. मॅनेजर साहेब मात्र पुढच्या खेपेला आले तेव्हा बूट काढता काढताच फुर्र करायला लागले होते.

आता माझं. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केल्यावर मी चार वर्षं एका टीव्ही सर्व्हिस सेंटरमध्ये होते. तिथे काम एकच, बोर्ड काढायचा आणि नवा बसवायचा. बिघाड नेमका कुठे आहे हे विचारायला कुणाला वेळ नव्हता आणि मलाही नव्हता. सेंटर बंद पडलं तेव्हा मी घरीच दुरुस्तीची कामं घ्यायला लागले. त्यात आमच्या कॉलनीतल्या सरांचा ॲम्प आला. सर शाळेत संगीत शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचे. पेटीचा आवाज मधूनच जायचा आणि मधूनच यायचा. मी तीन आठवडे ती पेटी ठेवून घेतली. निम्मे पार्ट बदलले. आवाज जायचा तो जायचाच. शेवटी सरांसमोर जायला तोंड उरलं नाही, तेव्हा कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं आणि मी स्कूटीवर पेटी बांधून वेशीजवळ गेले.

मी आवाज काढून दाखवला. कॉलेजात भाषणं केली होती, त्यामुळे लाजले नाही. "आँऽऽ... ... ...आँऽऽ."

चाचा उठले. पेटीच्या मागच्या बाजूला दोन भोकं असतात. गिटारचा आवाज बदलणारी यंत्रं मधे जोडायची असतील तर ती त्या दोन भोकांत जोडतात. सरांकडे असलं यंत्रच नव्हतं, त्यामुळे ती भोकं वर्षानुवर्षं रिकामी होती. चाचांनी एक वीतभर वायर घेतली, तिचं एक टोक या भोकात आणि दुसरं त्या भोकात घातलं. आवाज आला तो आलाच.

"आतल्या पट्टीवर धूळ बसलीय," ते म्हणाले. "रिकाम्या भोकातनंच आवाज जातोय. पुसली की झालं. तू काय काय बदललंस?"

मी यादी सांगितली. सांगताना माझे कान गरम झाले. चाचा हसले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला.

"मला शिकवा," मी म्हणाले. "डिप्लोमा आहे माझा."

"असू दे. त्याला आता काय करणार." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पन न्हाय जमायचं. खिसा न्हाय तुला."

मला वाटलं, म्हातारा बाईमाणसाला टाळतोय. मी भांडायच्या तयारीनं पर्स खाली ठेवली. पण चाचा अगदी शांतपणे समजावत होते. "चालू पेटीत एकच हात घालायचा. दुसरा खिशात. दोन्ही हात आत गेले आन् करंट एका हातानं शिरला, दुसऱ्या हातानं भाईर पडला, तर वाटंत काय लागतं? दिल लागतं. खिशात हात असला की त्याला भाईर पडायला वाट न्हाय. जुन्या, काचेच्या व्हॉल्वच्या पेट्या तर बंद केल्या तरी आत चारशे व्होल्ट धरून बसत्यात. खिसा शिवून आन, मग बस हितं."

बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात यावर मी तोवर पुष्कळ ऐकलं-वाचलं होतं. त्यापायी जीव जाऊ शकतो, हे मला प्रथमच कुणीतरी सांगत होतं.

आमच्या टेलरनं "डावीकडेच? एकच? एवढा खोल?" असे तीन प्रश्न विचारून मला वाटेला लावलं. शेवटी चाचांच्या घरून चाची आल्या, त्यांनी माझ्या कुर्त्याचं माप घेतलं आणि उशीच्या अभ्र्याच्या कापडाचा खिसा शिवून दिला, मनगटापर्यंत हात जाईल असा. माझ्या निळ्या कुर्त्याला गुलाबी फुलांचा खिसा. दुसऱ्या दिवशी मी तो हात खिशात घालून दुकानात उभी राहिले आणि चाचांनी स्टूल पुढे सरकवलं.

त्यांची शिकवण्याची पद्धत एकच होती. "पयले बग. मग हुंग. मग ऐक. मीटर शेवटी." जळलेल्या भागाचा वास कुठला आणि तापलेल्या धुळीचा कुठला, हे मला आठवड्यात कळायला लागलं. ऐकायचं असलं की ते पंखा बंद करायचे. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुठे टाका, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटलाय ते शोधायला ते कुल्फीच्या काडीनं आतल्या एकेका भागावर टिचक्या मारायचे. ज्या भागावर पेटी खोकली तो आजारी. त्या काड्यांसाठी ते आठवड्याला दोन कुल्फ्या खायचे, आणि डॉक्टरांनी गोड बंद केल्यावर "धंद्याचं हाय, धंद्याचं हाय" म्हणत तीन खायला लागले.

पेटी पहिल्यांदा चालू करताना ती सरळ विजेवर लावायची नाही, मधे एक शंभरचा बल्ब लावायचा. आत कुठे शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. सगळं ठीक असलं तर बल्ब जरासा पेटून मंद होतो. चाचा म्हणायचे, "बल्बनं डोळे वटारले की लांब हो. लाजला की चा सांग." बल्ब लाजल्याशिवाय चहा नसे. काही दिवस आम्हाला संध्याकाळपर्यंत चहा मिळाला नाही.

भिंतीवर एक गिटार टांगलेली होती. तिला एकच तार. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "बाकीच्या तारा कशाला? बिगाड एका तारेत बी ऐकू येतो." ऑर्केस्ट्रातली पोरं ती गिटार बघून हसायची, आणि चाचा ती एक तार छेडून त्यांच्या पेटीचं सगळं सांगायचे. त्यांच्या कानांबद्दल गल्लीत गोष्टी होत्या. कुणी म्हणे, ते चालत्या रिक्षातून मंडपाचा स्पीकर ऐकून कुठला फ्यूज जाणार ते सांगतात. मी त्या गोष्टींत दोन माझ्या पदरच्या घातल्या होत्या.

रोज सकाळी ते एका जुन्या पेटीत मुद्दाम एक बिघाड करून ठेवायचे. त्याला "आजचा आजार" म्हणायचे. मी आल्यावर तो शोधायचा. कधी टाका सोडलेला, कधी वायर तुटलेली, कधी चांगल्याच्या जागी मेलेला कंडेन्सर. पहिल्या महिन्यात मला दोन दोन दिवस लागायचे, मग दुपार, मग तास. मी चढून गेले होते. एक दिवस मी आल्या आल्या म्हणाले, "आज दहा मिनिटांत."

दहा मिनिटं गेली. तास गेला. मी बघितलं, हुंगलं, ऐकलं, टिचक्या मारल्या, मीटर लावला. दुपारची भाकरी चटणीशी कशीबशी गिळली आणि परत बसले. पाच वाजता मी रडकुंडीला आले होते आणि चाचा पेपर वाचत होते. मला एक शंका सकाळपासून येत होती, पण ती तोंडातून काढायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी काढली.

"चाचा, यात काही बिघाड नाहीये."

"नक्की?"

"नक्की."

"तर मग सकाळीच का न्हाय बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही केलाय म्हणजे असणारच."

त्यांनी पेपर घडी केला. "हे बग बेटी. बिगाड शोदनारे लई मिळतील. न्हाय तितं न्हाय म्हननारा मिळत न्हाय. समोर उस्ताद बसू दे, न्हायतर उस्तादाचा बाप. पेटी काय बोलती तेच बोलायचं." त्या दिवशी बल्ब लाजला नव्हता तरी त्यांनी चहा सांगितला.

आणि एक गोष्ट त्यांनी मला पहिल्या दिवसापासून रोज सांगितली, ती अर्थिंगची. प्लगची तिसरी, जाड पिन आणि तिच्यापासून पेटीच्या लोखंडापर्यंत जाणारी हिरवी वायर. पेटीत घूं असा आवाज येत असला की आपल्याकडे शंभरातले निम्मे लोक काय करतात, तर ती हिरवी वायर तोडतात. आवाज बऱ्याचदा जातोही. पण मग आतला करंट लोखंडावर, तिथून गिटारच्या तारेवर, तिथून वाजवणाऱ्याच्या बोटांवर येतो, आणि त्यानं ओठ माइकला लावले की संपलं.

चाचांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तरुणपणी ते एका मंडपवाल्याकडे होते. एका उरुसात कव्वाली होती आणि स्पीकरमधून घूं येत होती. चाचांनी प्लग उघडला, हिरवी वायर तोडली, घूं गेली. मंडपवाल्यानं पाठ थोपटली. मग कव्वालांनी माइक हातात धरून ओठांजवळ नेला आणि ते मागच्या तबलजीवर जाऊन पडले. जगले. पण त्यानंतर जन्मभर माइकवर रुमाल बांधूनच गायले. "लोक म्हनायचे, काय नजाकत हाय," चाचा सांगायचे. "नजाकत न्हवं ती, बेटी. माजी करनी हाय ती."

म्हणून दुरुस्त झालेली प्रत्येक पेटी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी ते तिला सलाम करायला लावायचे. मीटरची एक पिन प्लगच्या जाड पिनेला, दुसरी पेटीच्या लोखंडाला. वायर जागेवर असली की मीटर बारीक शिट्टी देतो, टीं. ती टीं आली की पेटीनं सलाम केला. सलाम झाल्याशिवाय पेटी उंबऱ्याबाहेर जायची नाही, मग बाहेर कलेक्टर का उभा असेना.

दोन वर्षं अशी गेली. मग एकेक पेटी दुकानातून बाहेर जायची थांबली.

"आवाज हाय अजून," चाचा म्हणायचे. पंखा बंद करून, डोळे मिटून, पेटीला कान लावून बसायचे. "बारीक हाय. पन हाय."

मी कान लावायचे. मला काही ऐकू यायचं नाही. मला वाटायचं, चाचांचे कान ते, आपले कुठे तसे असणार. ते परत पेटी उघडायचे, चांगला कंडेन्सर काढून दुसरा चांगला घालायचे. बरी झालेली पेटी चार चार वेळा उघडली जायची. मैंदर्गीवाले दोन खेपा घालून रिकामे परत गेले. दुकानात पेट्यांचा ढीग झाला आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली, चाचांचं आता काही खरं नाही. मी त्या लोकांशी भांडले. चाची म्हणाल्या, घरात टीव्हीचा आवाज हल्ली शेजारच्यांना पाठ होतो. मी तेही हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर मला कळत होतं. कळून घ्यायचं नव्हतं.

त्यात सरांची पेटी आली. आता सरांनी पुण्याहून जुनी व्हॉल्वची पेटी आणली होती, आणि तीन दिवसांनी त्यांच्या शाळेचं गॅदरिंग होतं. सर स्वतः गिटार वाजवत गाणार होते. खरा बिघाड मी पहिल्याच दिवशी काढला, एका व्हॉल्वचं बूड सैल होतं. पण चाचांना आवाज येतच होता. दुसऱ्या दिवशी येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पार्ट आणायला बाजारात गेले आणि परत आले, तेव्हा चाचा पेटीचं मागचं झाकण बसवत होते. घामानं शर्ट भिजला होता, पण चेहरा मोकळा होता.

"कमी झाला," ते म्हणाले. "बोलाव सरांना."

सर रिक्षा घेऊनच आले. चार वाजले होते, सहाला कार्यक्रम. चाचांनी मीटर घेतला, एक पिन प्लगला लावली, एक लोखंडाला.

मी दोन हातांवर उभी होते. पंखा बंद होता. मीटर गप्प होता.

"हां," चाचा म्हणाले. "झाला सलाम."

मला वाटलं, गल्लीतल्या रिक्षाच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल. वाटलं, मीटरचा सेल उतरला असेल. वाटलं, चाचा म्हणतात म्हणजे असेलच. सरांनी आणि रिक्षावाल्यानं मिळून पेटी उचलली, उंबऱ्याबाहेर नेली, मागच्या सीटवर ठेवली. सर "थँक्यू चाचा" म्हणाले. रिक्षा सुरू झाली. मी तिथेच उभी. तोवर मी आयुष्यात एवढी भित्री कधी झाले नव्हते, आणि कुणाला भीत होते, तर ज्यानं मला न भिता बोलायला शिकवलं त्याला.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळायला लागली तेव्हा मी पळाले. चपला दुकानातच राहिल्या. "सर, थांबा. थांबा! पेटी खाली घ्या."

"अहो पण सहाला..."

"सर, पेटी खाली घ्या."

माझा आवाज ऐकून त्यांनी पुढे विचारलं नाही. पेटी परत उंबऱ्याच्या आत आली. चाचा मीटर हातात धरून उभे होते. मी त्यांच्या हातातून मीटर घेतला नाही. मला त्यांना कानानं पटवायचं नव्हतं, डोळ्यांना दिसेल असं दाखवायचं होतं. मी भिंतीवरची एका तारेची गिटार काढली, पेटीला जोडली, पेटी सरळ विजेवर चालू केली, डावा हात खिशात घातला आणि टेस्टरचं टोक गिटारच्या तारेला लावलं.

टेस्टर लाल पेटला.

सरांना काय कळायचं ते कळलं आणि ते मागे सरकले. चाचा मात्र त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिले. ते सावकाश स्टुलावर बसले. मी पेटी बंद केली, आतला करंट काढून टाकला, झाकण उघडलं. हिरवी वायर लोखंडापासून सुटून मोकळी पडली होती, तिचा नट बाजूला व्यवस्थित ठेवलेला होता.

"आवाज जाईना," चाचा म्हणाले. "म्हटलं, एकदा काडून बगू. परत लावनार होतो मी." मग म्हणाले, "पन सलाम केला की. टीं आली."

"नाही आली, चाचा."

"आली, बेटी. अजून येतीय."

पेटी बंद होती. प्लग माझ्या हातात होता. तो मी त्यांना दाखवला. खोलीत कुठलंच यंत्र चालू नव्हतं. माझे डोळे भरून आले होते, पण आवाज मी ठाम ठेवला, कारण तसाच ठेवायला ते शिकवायचे.

"चाचा," मी म्हणाले, "आवाज कसा येतोय? काढून दाखवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांकडून काढून घेतलेली गोष्ट आता त्यांच्यावर आली होती. सर उंबऱ्यात उभे, रिक्षावाला दारात डोकावतोय. चाचांनी ओठ जवळ घेतले आणि अगदी बारीक आवाज काढला.

"टींऽऽ."

"मधे थांबतो का?"

"न्हाय."

"रात्री निजताना?"

"येतोय की." ते मग उठले, दाराबाहेर गेले, गल्लीत जरा लांब जाऊन उभे राहिले, मान तिरकी करून ऐकलं आणि परत आले. पेटीपासून लांब जाऊन आवाज कमी होतो का, हे बघायला गेले होते. बिघाड शोधताना मलाही त्यांनी हेच करायला शिकवलं होतं. "पेटीत न्हाय," ते म्हणाले. "पेट्यांत न्हवताच." आणि ढिगाकडे बघून, "बिचाऱ्यांना उगंच चिरलं मी."

"पेट्यांत काही बिघाड नाही, चाचा."

"नक्की?"

"नक्की."

"तर मग दोन म्हयने गप का बसलीस?" त्यात राग नव्हता.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, कानातल्या नसा थकल्या आहेत, हा आवाज जाणार नाही, त्याच्याशी जमवून घ्यायचं. चाचा आता अकलूजला मुलीकडे असतात आणि म्हणे जमवून घेतात. तिथल्या डॉक्टरांनी कुल्फीवर अजून बंदी घातलेली नाही. पण मला ते आठवतात ते त्याच संध्याकाळचे.

साडेचार होत आले होते. सर घड्याळाकडे बघत नव्हते, हा त्यांचा चांगुलपणा. हिरवी वायर जागेवर बसवायची होती, पेटी पुन्हा बल्बवर तपासायची होती, सलाम घ्यायचा होता. चाचांनी सवयीनं डावा हात खिशात घातला आणि उजव्या हातानं पाना उचलला. पाना धरून ते क्षणभर पेटीकडे बघत राहिले. मग त्यांनी पाना माझ्यासमोर ठेवला.

मी नट आवळला. झाकण बसवलं. बल्ब जरासा पेटला आणि मंद झाला. मग प्लग काढून मीटर लावला, टीं वाजली, आणि मी चाचांकडे बघितलं. त्यांनी मला डोळ्यांनी विचारलं.

"आली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि उजवा हातसुद्धा खिशात घातला.